परदेशात नगरनियोजन आणि शाश्वत विकासाचं पदव्युत्तर शिक्षण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हा विषय परदेशात शिकलो. तेव्हापासून अर्ज करणारी मुलं-मुली तेच ते प्रश्न विचारतात आणि मी तीच ती उत्तरं देत बसतो. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढलं. रँकिंगची यादी हवी असेल तर ती इथे नाही.

नगरनियोजन म्हणजे आर्किटेक्चरचीच मोठी आवृत्ती ना?

नाही, आणि हा गैरसमज घेऊन गेलेल्यांना पहिलं सत्र फार जड जातं. इमारत कशी असावी ते आर्किटेक्ट बघतो. ती तिथे असावी का, तिथवर पाणी कुठून येणार, तिची सावली कुणाच्या अंगणात पडणार आणि खर्च कुणाच्या माथी बसणार, हे प्लॅनर बघतो. चित्रं काढण्यापेक्षा जास्त वेळ कायदे वाचण्यात, जनगणनेचे तक्ते चाळण्यात आणि नागरिकांच्या हरकती-सूचनांच्या थप्प्या उपसण्यात जातो.

या विषयाचा उगमच मुळी घाणीत आहे. कारखान्यांभोवती दाटलेल्या वस्त्या, कॉलरा, तुंबलेली गटारं. नगरनियोजन शिकवणारा जगातला पहिला विद्यापीठ विभाग १९०९ साली लिव्हरपूलला निघाला, आणि त्याला पैसे दिले विल्यम लिव्हर या साबणाच्या कारखानदाराने. साबणवाल्याने हे काम करावं, याची मला अजूनही गंमत वाटते.

मग 'शाश्वत विकास' हा वेगळा अभ्यासक्रम आहे की त्याच विषयाचं नवं नाव?

दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून नावावर जाऊ नका. शाश्वत विकासाची आज सगळे देतात ती व्याख्या १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालातली: पुढच्या पिढ्यांच्या गरजा भागण्याची शक्यता हिरावून न घेता आजच्या गरजा भागवणं. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेल्या १७ उद्दिष्टांपैकी अकरावं थेट शहरांबद्दल आहे. त्यानंतर 'सस्टेनेबल' हा शब्द कोर्सच्या नावांना सढळ हाताने जोडला गेला.

ओळखायचं कसं? अनिवार्य विषयांची यादी उघडा. त्यात नियोजनाचा कायदा, भूवापर आणि स्टुडिओ (खऱ्या जागेवरचं गटाचं काम) असेल तर ती नियोजनाची पदवी. पर्यावरण धोरण, हवामानबदल, ऊर्जा असं असेल आणि शहर हा त्यातला एक धडा असेल, तर ती शाश्वततेची पदवी. स्वीडनच्या लुंड विद्यापीठाचा 'लुमेस' हा जुना आणि चांगला कोर्स दुसऱ्या जातीचा; स्टॉकहोमच्या केटीएच या तांत्रिक विद्यापीठाचा 'सस्टेनेबल अर्बन प्लॅनिंग अँड डिझाइन' पहिल्या जातीचा. दोन्ही चांगले, पण एकातून बाहेर पडून दुसऱ्याची नोकरी मागायला गेलात तर अडाल.

प्रत्यक्षात हे दोन विषय कुठे भेटतात ते पावसात दिसतं. २ जुलै २०११ ला कोपनहेगनवर ढगफुटीसारखा पाऊस झाला, तळघरं भरली, रस्ते बुडाले. पुढच्याच वर्षी शहराने ढगफुटीचा स्वतंत्र आराखडा केला: कुठला रस्ता वेळ आली की पाणी वाहून नेईल, कुठली बाग काही तास तळं होईल. नेदरलँड्सच्या रॉटरडॅमला बेंथमप्लाइन नावाचा चौक आहे, २०१३ मध्ये बांधलेला. कोरड्या दिवसांत तिथे पोरं बास्केटबॉल खेळतात, पावसात तो सुमारे १७ लाख लिटर पाणी धरून ठेवतो. गटाराचं काम आणि मैदानाचं काम एकाच खर्चात. असं सुचायला जलशास्त्र, रचना आणि महापालिकेचा हिशेब एकाच टेबलावर यावा लागतो. चांगल्या कोर्समध्ये हे टेबल असतं.

माझी पदवी आर्किटेक्चरची नाही. घेतील का?

घेतात. भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, सिव्हिल, कायदा, पर्यावरणशास्त्र, सगळीकडून लोक येतात आणि विभागांना ते हवंही असतं. माझ्या गटातली सगळ्यात तयारीची मुलगी समाजशास्त्राची होती. आमचा नकाशा सुरेख असायचा, पण लोकांशी बोलायची वेळ आली की आम्ही तिच्या मागे लपायचो.

अपवाद रचनाप्रधान कोर्सचा. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यापीठातलं अर्बनिझम (शहररचना) हे आर्किटेक्चरच्याच मास्टर्सचं एक अंग आहे. तिथे रचनेची पार्श्वभूमी नसेल तर दार उघडणं कठीण. वाखेनिंगेन आणि डेल्फ्ट मिळून अ‍ॅमस्टरडॅममध्ये चालवतात तो 'मेड' कोर्स मात्र विश्लेषण, रचना आणि अभियांत्रिकी अशा तिन्ही बाजूंनी शहराकडे बघतो.

देश कसा निवडायचा?

याचं माझं उत्तर एका प्रश्नात आहे: शिकून झाल्यावर काम कुठे करायचंय? डेटा सायन्सवाल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याचा कोड कुठेही चालतो. नियोजन कायद्यावर उभं असतं आणि कायदा सीमेपलीकडे जात नाही.

बघा. ब्रिटनमध्ये १९४७ च्या कायद्याने जमीन विकसित करण्याचा हक्कच सरकारच्या हाती गेला. आजही तिथे मोठं काम करायचं तर परवानगी मागावी लागते आणि स्थानिक अधिकारी ती प्रकरण बघून देतात किंवा नाकारतात. म्हणून तिथल्या वर्गात युक्तिवाद शिकवतात: धोरणाचा अर्थ कसा लावायचा, अपील कसं लढायचं. अमेरिकेत झोनिंग चालतं, म्हणजे कुठल्या भागात काय बांधता येईल ते आधीच नियमात ठरलेलं असतं. १९२६ च्या युक्लिड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. झोनच्या नियमात बसलात तर साधारणपणे हक्काने बांधता येतं, म्हणून तिथे सगळी भांडणं नियम बदलण्यावर होतात. जर्मनीत पालिकेचा बांधकाम आराखडा कायद्याइतकाच बांधील असतो, म्हणून आराखडा काढण्याचं काटेकोर शिक्षण मिळतं. तुम्ही जिथे शिकाल तिथली ही सवय तुमच्या हाडात उतरते. तीन वर्षांनी दुसऱ्या देशात काम करताना कळतं, की आपण अजून तिथलेच प्रश्न विचारतोय.

काम नक्की कुठे करणार हे ठरलेलं नसेल, तर विकसनशील देशांतल्या शहरांचा अभ्यास करणारे विभाग बघा. लंडनच्या यूसीएलचं डेव्हलपमेंट प्लॅनिंग युनिट, रॉटरडॅमची आयएचएस ही संस्था आणि जर्मनीतल्या डॉर्टमुंडचा 'स्प्रिंग' कोर्स ही ठळक नावं. 'स्प्रिंग'मध्ये पहिलं वर्ष डॉर्टमुंडला आणि दुसरं घाना, टांझानिया, फिलिपिन्स किंवा चिलीमधल्या भागीदार विद्यापीठात असतं. ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. यूसीएलच्या युनिटचा इतिहासही बघण्यासारखा आहे. १९५४ साली ते 'उष्ण कटिबंधातलं वास्तुशास्त्र' शिकवणारा विभाग म्हणून सुरू झालं, म्हणजे लंडनमध्ये बसून गरम देशांना घरं कशी बांधावीत ते सांगायचं. आज तिथे शिकवतात ते जवळपास उलट: सांगू नका, आधी विचारा.

एका वर्षाचा कोर्स की दोन वर्षांचा?

ब्रिटनमध्ये बहुतेक एक, अमेरिका, कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलियात बहुतेक दोन. नियोजनात आधी काम केलं असेल तर एक वर्ष पुरतं आणि पैसेही वाचतात. क्षेत्र बदलत असाल तर दोनच घ्या. एका वर्षाच्या कोर्समध्ये सप्टेंबरात ओळखी होतात, डिसेंबरात निबंध सुरू होतात आणि जानेवारीत नोकरीचे अर्ज. विषय मुरायला वेळच उरत नाही.

मान्यता बघावी लागते का?

हो, आणि पुष्कळ जण बघत नाहीत. ब्रिटनमध्ये १९१४ पासूनची रॉयल टाउन प्लॅनिंग इन्स्टिट्यूट, म्हणजे आरटीपीआय, कोर्सना मान्यता देते. अमेरिकेत हे काम प्लॅनिंग अ‍ॅक्रेडिटेशन बोर्ड करतं, ऑस्ट्रेलियात प्लॅनिंग इन्स्टिट्यूट ऑस्ट्रेलिया. ब्रिटनमध्ये चार्टर्ड, म्हणजे या संस्थेने अधिकृत मानलेला, प्लॅनर व्हायचं तर मान्यताप्राप्त पदवी हा सरळ रस्ता. अमेरिकेत बहुतेक राज्यांत प्लॅनरला डॉक्टर-वकिलांसारखा परवाना लागत नाही (न्यू जर्सी हा अपवाद), पण एआयसीपी हे प्रमाणपत्र घ्यायचं असेल तर मान्यताप्राप्त पदवीमुळे लागणाऱ्या अनुभवाची वर्षं कमी होतात.

एकाच विभागातले दोन कोर्स, एक मान्यताप्राप्त आणि दुसरा नाही, असंही असतं. संस्थेच्या यादीत कोर्सचं पूर्ण नाव जुळवून बघा.

स्टुडिओ म्हणजे नेमकं काय करतात?

एक खरी जागा देतात, चार-सहा जणांचा गट करतात आणि सत्रभर त्या जागेचा पिच्छा पुरवायला लावतात. शेवटी तिथल्या रहिवाशांपुढे आणि पालिकेच्या लोकांपुढे प्रस्ताव मांडायचा.

आमच्या वाट्याला एक चौक आला होता. सकाळी आठ ते दहा, रिमझिम पाऊस, हातात खटका दाबून मोजायचं छोटं यंत्र, आणि माणसं मोजायची. पहिल्याच तासात कळलं की झेब्रा क्रॉसिंगवरून फारसं कुणी जातच नाही. बसथांबा क्रॉसिंगपासून चाळीस पावलं लांब होता आणि शाळेचं फाटक बरोबर थांब्यासमोर. लोक थांब्यावरून सरळ फाटकाकडे जात. दुभाजकावरच्या गवतात त्यांच्या पायांनी वाट पडली होती. आम्ही ती वाट नकाशात घेतली, क्रॉसिंग तिथे हलवलं, दोन्ही बाजूंना झाडं लावली आणि खूश होऊन सादरीकरणाला गेलो.

काठी टेकत आलेल्या एका आजींनी पहिला प्रश्न विचारला: "झाडं छान आहेत. मला ओलांडायला किती सेकंद मिळणार?"

सहा जणांत एकालाही सांगता येईना. सिग्नलची वेळ ठरवताना चालण्याचा वेग बहुतेक ठिकाणी सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात. आमचा रस्ता साडेचौदा मीटरचा, म्हणजे बारा सेकंद. दुसऱ्या दिवशी स्टॉपवॉच घेऊन गेलो आणि वयस्कर माणसांचीच वेळ लावली. अठरा, एकोणीस, एकाला तर बावीस. मग मध्ये थांबायला बेट घातलं आणि झाडांची एक रांग काढून टाकली. गुण बरे मिळाले. आजी दुसऱ्या बैठकीला आल्या नाहीत, याची रुखरुख आहे.

म्हणून कोर्स निवडताना विचारा: स्टुडिओ किती, आणि त्यात बाहेरची खरी माणसं असतात की फक्त प्राध्यापक?

जीआयएस आणि कोडिंग यायलाच हवं का?

जीआयएस, म्हणजे माहिती नकाशावर मांडणारी संगणकप्रणाली, यायला हवं. जाण्याआधी क्यूजीआयएस शिकून घ्या, ते फुकट आहे. जनगणनेचा तक्ता नकाशाला जोडणं, थांब्यापासून चालत दहा मिनिटांच्या अंतराचं क्षेत्र काढणं एवढं आलं तरी सुरुवातीचे आठवडे सुखाचे जातात. आर किंवा पायथॉन यापैकी एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा आली तर बरं, नाही आली तर तिथे शिकाल. एक्सेलला मात्र कमी लेखू नका. पालिकेत सगळं शेवटी तिथेच येऊन थांबतं.

एसओपीत (अर्जासोबतच्या निवेदनात) काय लिहावं?

आधी काय लिहू नये ते. 'लहानपणापासून मला शहरांचं आकर्षण', 'वेगाने होणारं नागरीकरण हे आजचं मोठं आव्हान', आणि जगातली किती टक्के माणसं शहरांत राहतात तो आकडा. निवड समितीने ही वाक्यं शेकड्याने वाचलेली असतात.

एक जागा घ्या, तुम्ही स्वतः पाहिलेली. समजा बसथांब्यावर निवारा आहे, पण निवाऱ्यापुढे रेलिंग आहे. बस रेलिंग संपतं तिथे थांबते, म्हणून लोक भर उन्हात रस्त्यावर उभे राहतात आणि निवारा रिकामा. चौकशी केल्यावर कळतं, की निवारा एका खात्याने जाहिरातीच्या करारातून बांधला, रेलिंग दुसऱ्या खात्याने अपघात टाळायला लावलं, आणि बस कुठे थांबावी हे तिसऱ्याच्या हातात. एवढं लिहिलंत की वाचणाऱ्याला समजतं, तुम्हाला शहर दिसतं आणि शहर चालवणारी यंत्रणाही दिसते. मग पुढे लिहा: ही खाती एकत्र कशी आणायची हे मला येत नाही, ते शिकायला अमुक विषयासाठी तुमच्याकडे येतोय.

प्राध्यापकांची नावं टाकायची असतील तर त्यांचं काम वाचून टाका, आणि ते यंदा शिकवतायत का ते विचारून घ्या. मी शिकलो त्या विभागात माहितीपत्रकातले दोन पर्यायी विषय त्या वर्षी झालेच नाहीत, शिकवणारे रजेवर. त्यातल्या एकासाठी मी तो कोर्स घेतला होता.

पोर्टफोलिओ लागतो?

रचनाप्रधान कोर्सना लागतो, बाकीच्यांना बहुधा नाही. मागितलाच तर इमारतींचे चकचकीत रेंडर (संगणकावर काढलेली चित्रं) कमी आणि विचार दाखवणारे नकाशे जास्त ठेवा.

जीआरई आणि आयईएलटीएस?

जीआरई ही प्रवेशपरीक्षा पुष्कळ विभागांनी काढून टाकली किंवा ऐच्छिक केली. त्या-त्या विभागाचं पान बघा. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत साधारण ६.५ ते ७ मागतात. लेखनाचा गुण वेगळा मागतात, तिथे लक्ष द्या.

आधी नोकरी करून जावं का?

माझं मत विचाराल तर दोन वर्षं करून जा. ज्याने एकदा तरी सरकारी फायलीमागे फिरून पाहिलंय, त्याला वर्गातलं निम्मं लगेच समजतं. शिवाय अनेक शिष्यवृत्त्यांना अनुभव लागतोच.

खर्च आणि शिष्यवृत्तीचं काय?

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसतं, फक्त सत्राचं किरकोळ शुल्क. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. हँबुर्गच्या हाफेनसिटी विद्यापीठाचा इंग्रजीतला 'रीप' कोर्स या हिशेबात बघण्यासारखा. ब्रिटन आणि अमेरिकेत शुल्क जड असतं, म्हणून तिथे शिष्यवृत्तीचा विचार कोर्सच्या आधी करा.

डाड या जर्मन संस्थेची विकासविषयक अभ्यासक्रमांची शिष्यवृत्ती नियोजनवाल्यांसाठी फार सोयीची. निदान दोन वर्षांचा अनुभव लागतो आणि शेवटची पदवी सहा वर्षांहून जुनी चालत नाही. या दुसऱ्या अटीत पुष्कळ जण अडकतात. ब्रिटनच्या चीव्हनिंग शिष्यवृत्तीलाही दोन वर्षांचं काम लागतं आणि कोर्सनंतर दोन वर्षं मायदेशी राहायचं बंधन असतं. युरोपीय संघाची इरास्मस मुंडुस शिष्यवृत्ती मिळाली तर महिन्याला १,४०० युरो मिळतात. त्यातला 'फोरसिटीज' हा कोर्स ब्रसेल्स, व्हिएन्ना, कोपनहेगन आणि माद्रिद अशा चार शहरांत होतो. नगर अभ्यासासाठी याहून चांगली प्रयोगशाळा कुठली? फक्त दर सत्राला घर शोधायची तयारी ठेवा.

आणि चीव्हनिंगच्या मुलाखतीत 'परत येऊन काय करणार' याचं गुळमुळीत उत्तर देऊ नका. खातं, काम, पद, नेमकं सांगा.

कोर्स इंग्रजीत आहे. तरी तिथली भाषा शिकायची का?

वर्गापुरती गरज नाही, नोकरीसाठी आहेच. नियोजनाची सगळी कागदपत्रं स्थानिक भाषेत असतात आणि रहिवासी बैठकीत चिडतात तेही स्थानिक भाषेतच. जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये पालिकेत काम करायचं तर भाषेच्या बी-२ पातळीच्या खाली फारसं कुणी विचारत नाही. पहिल्या आठवड्यापासून वर्ग लावा. 'आधी कोर्स सांभाळू, मग भाषा' म्हणणारे माझ्यासकट सगळे फसले.

शिक्षणानंतर राहता येतं का?

जर्मनीत नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. नेदरलँड्समध्ये एका वर्षाचा परवाना मिळतो, आणि तो पदवीनंतर तीन वर्षांच्या आत कधीही मागता येतो. ब्रिटनमध्ये मास्टर्सनंतरची मुदत दोन वर्षांची आहे, पण १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना ती १८ महिने होणार. हे नियम सरकारं बदलतात तशी बदलतात. कोर्स केवळ यावर निवडू नका, पण तारीख मात्र ध्यानात ठेवा.

सरकारी जागांवर परदेशी माणसाला घेणं अनेक देशांत अवघड असतं. खाजगी सल्लागार कंपन्या, वाहतूक नियोजन आणि पूर-हवामानाची कामं इथे वाव जास्त.

तिथे शिकलेलं परत आल्यावर चालतं का?

रचना जशीच्या तशी नाही चालत. पद्धत चालते. स्टॉकहोमचं उदाहरण घ्या. गाड्यांवर गर्दीचा कर लावायचा होता आणि लोकांचा विरोध होता. त्यांनी २००६ मध्ये जानेवारी ते जुलै कर लावून पाहिला. हद्द ओलांडणारी वाहनं सुमारे वीस टक्क्यांनी घटली. मग कर थांबवला, सप्टेंबरात मतदान घेतलं आणि ऑगस्ट २००७ पासून तो कायमचा झाला. करावून पाहा, मोजा, मग विचारा, हा क्रम कुठेही नेता येतो. कराचा दर नाही नेता येत.

बसच्या स्वतंत्र मार्गिकांची कल्पना ब्राझीलच्या कुरितिबातून १९७४ मध्ये निघाली, २००० साली कोलंबियाच्या बोगोटात पोचली आणि तिथे पोचेस्तोवर पुष्कळ बदलली. तसंच बदलायचं असतं.

थीसिस तिथल्या शहरावर करू की आपल्या?

परत यायचं नक्की असेल तर आपल्या. मार्गदर्शक बहुधा खूश होतात, कारण त्यांनाही नवीन काही वाचायला मिळतं. अडचण माहितीची. परदेशात बसून पालिकेकडून नकाशे आणि आकडेवारी मागवायला मला पाच महिने लागले, आणि आली ती स्कॅन केलेली, तिरकी, अर्धी पानं उलटी. म्हणून निघायच्या आधीच संबंधित खात्यात जाऊन कुणाकडे काय आहे ते विचारा, लेखी अर्ज द्या, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.